झोपती सायकल आणि चुन्याची रेघ

“झोपून? सायकल? झोपून?”

बागवानचाचांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणजे माझे सासरे. कमरेला डॉक्टरांनी दिलेला रुंद पट्टा असल्यामुळे ते दुकानाच्या पायरीवर ताठ उभे होते, झेंडावंदनाला उभे राहतात तसे.

“अगदी आडवं नाही हो चाचा,” मी म्हणाले. “आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखं. पाय पुढं, पॅडल पुढं, हँडल सीटच्या खाली.”

“मग माणूस बघणार कुठं?”

“म्होरंच की!” अप्पा म्हणाले. “तुमी वाकून खालचा रस्ता बघत जाता. मी समोरचा डोंगर बघत जानार.”

चाचांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. “आणि त्याला ब्रेक पाहिजे.”

“चांगला पाहिजे,” मी म्हणाले.

“आनि स्वस्त,” अप्पा म्हणाले.

“रंगराव, तुम्हाला आधी डॉक्टर पाहिजे,” चाचा म्हणाले. तरी ते उठले आणि माळ्यावरचे खोके उतरवायला लागले.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, साताऱ्याची. अप्पा चौतीस वर्षं नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. पहाटे चारला सायकल काढायची, तिच्या नळीला बांधलेली व्हॉल्व्हची लोखंडी चावी घेऊन पेठापेठांतून हिंडायचं आणि जमिनीतले व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडायचं. त्या चावीनं आणि सायकलीनं मिळून त्यांच्या पाठीचा मणका सरकवला. निवृत्तीनंतर वर्षभरात डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही आणि साधी सायकल तर अजिबात नाही. तेव्हापासून अप्पा सोप्यात बसून असायचे. नळाला पाणी आलं की आवाज ऐकून म्हणायचे, “आज पोरानं अर्धाच फिरवला व्हॉल्व्ह.” सहा महिने त्यांचं एवढंच काम. माणूस आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

मग एकदा कासच्या पठारावर निघालेलं एक परदेशी जोडपं पाणी मागायला दारात थांबलं. त्यांच्याकडे तसल्या आडव्या सायकली होत्या. अप्पांनी दहा मिनिटं त्या सायकलींभोवती प्रदक्षिणा घातल्या, वहीत चित्र काढलं आणि दुसऱ्या दिवशी ते औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले. महिन्याभरात सायकल तयार झाली. मागचं अर्धं अंग एका जुन्या माउंटन बाइकचं, पुढचं चाक लहान मुलांच्या सायकलीचं, सीट रेक्झिनच्या खुर्चीची आणि चेन अडीच सायकलींची. डॉक्टरांना फोटो दाखवला, तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “पाठीला चालेल. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.”

बाकीचं म्हणजे माझ्या सासूबाई. गजराबाई त्यांचं नाव. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं सायकलशी जुनं वैर. त्यांच्या मते सायकल ही त्यांची सवत होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नवरा पहाटे तिलाच घेऊन बाहेर पडला होता. घरात विळी, कोयता, पाण्याची चावी, सगळ्याची खंडेनवमीला पूजा व्हायची. सायकलीला मात्र चौतीस वर्षांत आत्यांनी कुंकवाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. दसऱ्याला अप्पाच झेंडूची माळ आणून तिच्या हँडलला गुंडाळायचे.

नवी सायकल दारात आली तेव्हा आत्या फक्त एवढंच म्हणाल्या, “ह्याला थांबता येतंय का?”

प्रश्न बरोबर होता. आमची गल्ली म्हणजे नुसता उतार. वर भैरोबाजवळ पाण्याची टाकी, मध्ये आमचं घर, आणि घरापासून पन्नास पावलांवर मोठा रस्ता. तिथून उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक जातात. आत्यांनी अट घातली.

“दसऱ्याच्या दिशी टाकीपास्नं उतारानं यायचं. मी दारात चुन्यानं रेघ मारनार. तिच्या अल्याड थांबला तर चालवा खुशाल. रेघ वलांडली की सायकल भंगारात.”

अप्पा माझ्याकडे वळले. “वैजू, ब्रेक तू निवडायचा.”

त्याला कारण होतं. माझ्या वडिलांचं रहिमतपूरला सायकलचं दुकान होतं. मी अक्षरं गिरवायच्या आधी पंक्चर काढायला शिकले होते. सासरी आल्यावर हे ज्ञान मी पोलपाटाखाली दडवून ठेवलं होतं. ते इतक्या वर्षांनी कुणीतरी मागितलं, म्हणून मी लगेच पदर खोचला.

तर चाचांनी खोके उतरवले.

पहिला आपला जुना रॉडचा ब्रेक. तो मी हातातही घेतला नाही. सीटखालच्या हँडलपासून चाकापर्यंत रॉड नेणार कसा? मग आला चिमट्यासारखा कॅलिपर ब्रेक. तो सगळ्यात स्वस्त, म्हणून अप्पांचे डोळे चमकले.

“ह्योच घेऊ.”

“अप्पा, मागचा टायर केवढा जाड आहे बघा. ह्याचे पाय तोकडे. टायरला वळसा घालून रिमपर्यंत पोचणारच नाहीत, आणि पोचले तरी उतारावर वाकतील.”

“डिस्कचा दाखवू?” चाचांनी विचारलं आणि किंमत सांगितली. अप्पांनी पाठीचा पट्टा घट्ट केला.

“डिस्कला चाकाचा हबच वेगळा लागतो,” मी घाईनं म्हणाले. “आपल्याला व्ही-ब्रेक दाखवा, लांब पायांचा.”

चाचांनी दोन जोड समोर ठेवले. एक लालभडक, झगमगीत, आणि बोटानं दाबला तर हलणारा. आतून प्लॅस्टिकच होता. दुसरा काळा, अल्युमिनियमचा, दिसायला अगदीच गरीब. दोन्हींत साठ रुपयांचा फरक, आणि काळाच महाग.

“लाल बरा दिसंल,” अप्पा म्हणाले.

“बरा दिसायला काय, पोरगी दाखवायची आहे का? काळाच घ्यायचा. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवू. ब्रेकच्या पायांना नक्षी नको, गुटके मात्र चांगले हवेत. रिमला धरतो तो गुटका. आणि चाचा, लिव्हर व्ही-ब्रेकचेच द्या. जुना लिव्हर तार कमी ओढतो.”

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. “कुणाची गं तू?”

“रहिमतपूरच्या वसंत घोरपड्यांची.”

“मग बोल की आधी!” त्यांनी पुढच्या चाकाची चमकती लोखंडी रिमही बदलून दिली. त्यांच्याकडे मोडीत आलेल्या एका सायकलीची अल्युमिनियमची रिम होती. लोखंडी रिमवर गुटका घसरतो, हे मी सांगायच्या आधीच ते बोलले. पुढच्या चाकाची तार पार लांब न्यायची होती, ती त्यांनी कोल्हापूरहून मागवून दिली.

खंडेनवमीच्या सकाळी ब्रेक बसले. मी स्वतः बसवले, चाचा शेजारी चहा पीत बसले होते. शाळेच्या मैदानावर अप्पांनी पाच फेऱ्या मारल्या आणि पाचही वेळा मी हात केला तिथे सायकल थांबली. पाचव्या वेळी तर इतकी गपकन थांबली की अप्पांची टोपी पुढे उडाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना खळखळून हसताना ऐकलं. दुपारी सायकल घरी आणून आम्ही पडवीत उभी केली. संध्याकाळी आत्यांनी हत्यारांची पूजा मांडली आणि मी पुरणाच्या तयारीला लागले.

दसऱ्याच्या सकाळी मी अंगणात रांगोळी काढत होते. अप्पा पडवीत सायकल बघून आले. मला वाटलं, उत्साहात असतील. पण ते नाक खाजवत उभे राहिले, आणि मग म्हणाले, “वैजू, माजे गमबूट कुठायत?”

“गमबूट? सणाला? कोल्हापुरी घाला की.”

“गमबूटच दे.”

पालिकेतले ते जाड तळव्याचे बूट मी माळ्यावरून काढून दिले. थोड्या वेळानं बघते तर अप्पा त्याच बुटांनिशी खालच्या अंगाला शेजारच्या शिर्क्यांच्या वाळूच्या ढिगाशी फावडं घेऊन उभे. शिर्क्यांचं बांधकाम चालू होतं. अप्पा ढीग रस्त्याच्या बाजूला पसरत होते.

“अप्पा, वाकायचं नाही!”

“वाकतोय कुठं? सणाचं जरा नीटनेटकं दिसावं म्हनून.”

दुसऱ्याच्या वाळूला सण कसला, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष माझ्या ब्रेककडे होतं. आज गल्लीत माझंही नाव होणार होतं.

दहा वाजता आत्यांनी दारात चुन्याची रेघ मारली. सरळ, जाड, इकडच्या गटारापासून तिकडच्या गटारापर्यंत. हातात ओवाळणीचं ताट घेऊन त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. “सन हाय म्हनून ताट धरलंय,” असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. गल्लीतली माणसं गॅलऱ्यांत आली. वर टाकीजवळ अप्पा सीटवर रेलले आणि निघाले.

खरं सांगते, सुरुवात फार देखणी होती. पाय पुढे, हात दोन्ही बाजूंना सैल सोडल्यासारखे, टोपी सरळ. एखादा राजा पलंगासकट सैर करायला निघावा तसे अप्पा उतरत होते. शिर्केकाकूंनी तर टाळ्याही वाजवल्या. आमच्या घराच्या जरा वर, विठ्ठलमंदिराच्या वळणाशी ते आले तसा मी हात केला, म्हणजे ब्रेक दाबा. अप्पांनी दाबले. मला लिव्हर आत गेलेले दिसले. पण सायकलनं वेग काही कमी केला नाही.

“दाबा! अप्पा, दाबा!”

“दाबलंय!” असं ओरडत अप्पा आमच्यासमोरून गेले. दोन्ही गमबूट त्यांनी रस्त्याला टेकवले होते आणि रबराचा करकर आवाज येत होता. रेघ गेली. रेघेच्या पुढे चार हात गेल्यावर त्यांनी हँडल वळवलं आणि सायकलीसकट ते वाळूत घुसले.

मी धावले. अप्पा वाळूत बसले होते. कोपर खरचटलं होतं, मिशीत वाळू होती, पाठ शाबूत होती. मी त्यांना धरून उठवलं. वाळू नसती तर पुढे रस्ता होता, आणि तेवढ्यात तिथून एक ट्रॉली गेलीसुद्धा.

“सुनंनं ब्रेक आनला व्हय?” कुणीतरी गॅलरीतून म्हणालं.

“ब्रेक चांगला हाय,” अप्पा मोठ्यानं म्हणाले. “माजा हात घसारला.”

मला ते खरं वाटेना. अप्पा कधीच स्वतःवर काही घेत नसत. आमटी सांडली तर वाटी वाकडी, ठेच लागली तर दगड आडवा. आणि आज एवढ्या गल्लीसमोर हात घसरला म्हणतात?

आत्या जागच्या हलल्या नव्हत्या. ताटातलं निरांजन विझलं होतं. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्यांनी अप्पांच्या कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सोमवारी भंगारवाला येतोय,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी निम्म्या पुरणपोळ्या डब्यातच राहिल्या. अप्पा सोप्यात जाऊन बसले. नळाला पाणी आलं, तरी काही बोलले नाहीत. मला ते शांत बसणं सहन होईना. मी पडवीत गेले आणि सायकल उलटी केली.

तार ताणलेली होती. लिव्हर नीट. गुटके रिमला बरोबर मध्यावर टेकत होते. मग थांबली का नाही? मी रिमवरून बोट फिरवलं. बोट सर्रकन गेलं. मी बोट नाकाशी नेलं.

माक्याचं तेल! आत्या ते घरी कढवतात. हिरवट, उग्र, रानातल्यासारखा वास. घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला तेच आणि रोज रात्री अप्पांच्या पाठीला तेच. दोन्ही चाकांच्या रिमा त्यानं पुसून पुसून लखलखीत केल्या होत्या.

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे आत्यांनी मुद्दाम केलं? जीव गेला असता माणसाचा! मी तावातावानं उठले, आणि सीटच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मला हळदीकुंकवाची दोन बोटं दिसली. त्यावर चार अक्षता चिकटलेल्या होत्या. स्पोकांच्या मध्ये झेंडूचं एक लहानसं फूल खोचलेलं होतं.

मी पुन्हा खाली बसले.

आत्या पूजेच्या आधी प्रत्येक लोखंडाला तेलाचा हात देतात. विळीला देतात, कोयत्याला देतात, अप्पांच्या चावीला देतात. गंज चढू नये, वस्तू उजळावी, म्हणून. काल संध्याकाळी सगळ्यांची पाठ वळल्यावर त्या इथे आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सवतीची पूजा केली होती, आणि करायची तर नीट करावी म्हणून चाकं उजळून काढली होती. एवढं करून ते कुणाला दिसू दिलं नव्हतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

आता त्यांना सांगायचं कसं? ‘तुमच्या पूजेमुळं अप्पा ट्रॉलीखाली गेले असते’ हे वाक्य मी मनात दोन-तीनदा जुळवून पाहिलं. ते कुठल्याच सुनेच्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं, आणि ऐकल्यावर आत्या पुन्हा कशाची पूजा करणार नाहीत हेही मला कळत होतं. न सांगावं तर सोमवारी सायकल जाणार.

मी भांड्यांचा साबण, चुलीतली राख आणि माहेरून आणलेल्या डब्यातला काचकागद घेतला. रिमा तीनदा धुतल्या, गुटके काचकागदानं खरवडले, सगळं कोरडं केलं. कुंकवाला हात लावला नाही. फूलही होतं तिथेच ठेवलं. मग पदर खोचून आत्यांसमोर जाऊन उभी राहिले.

“आत्या, ब्रेक मी निवडला होता. अप्पांचा हात घसरला म्हणतात. माझा घसरणार नाही. एक डाव मला द्या.”

“तू बसनार? त्येच्यावर? पाय वर करून? गल्लीत?”

“हो.”

“आन् लोक काय म्हनतील?”

“सकाळपासून म्हणतच आहेत. आणखी थोडं म्हणतील.”

“चुडीदार घाल,” एवढंच त्या म्हणाल्या.

चार वाजता, सोनं लुटायला माणसं बाहेर पडायच्या वेळी, मी टाकीजवळ त्या खुर्चीत रेलले. खालून अप्पा नको नको असे हात करत होते. ते का करत होते, ते मला नंतर कळलं. मी निघाले. आकाश दिसलं, अजिंक्यतारा दिसला, स्वतःचे पाय दिसले. सासरची माणसं दोन्ही बाजूंना आ वासून उभी होती. मंदिराच्या वळणाशी मी लिव्हर दाबले.

सायकल थांबली. अगदी रेघेवर नाही, रेघेच्या हातभर अलीकडे. माझ्या चपला तेवढ्या पुढे उडाल्या आणि आत्यांच्या पायाशी जाऊन पडल्या. गल्ली हसली, शिर्केकाकूंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आत्यांनी माझ्या चपला एका हातानं उचलून मला दिल्या आणि दुसऱ्या हातातल्या तांब्यातलं पाणी चुन्याच्या रेघेवर ओतलं.

“भंगारवाल्याला सांगा, येऊ नको म्हनावं.”

तिन्हीसांजेला मी अप्पांना आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. ते हळूच म्हणाले, “पुसलंस व्हय?”

मी चमकले. “काय?”

“त्याल.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“वास येत हुता की. रोज पाठीला तेच अस्तंय. सकाळीच कळलं.”

“मग उतरलात कशाला? पुसायचं नाही का?”

अप्पांनी आत डोकावून पाहिलं. आत्या देवाशी दिवा लावत होत्या.

“मी फडकं घ्यून वाकलो हुतो,” ते म्हणाले. “बघतो तर ही दारात. माज्याकडं बघतीया. काय बोलंना, नुसती बघतीया. वैजू, चौतीस वर्सांत तिनं पयल्यांदा माज्या सायकलीला कुंकू लावलं. तिच्यासमोर पुसू व्हय मी? म्हनलं, गमबूट हायत, वाळू हाय. बघू.”

मी त्या बुटांचे झिजलेले तळवे आठवत उभी राहिले.

त्यानंतर अप्पांनी ती सायकल अकरा वर्षं चालवली. रोज सकाळी गावभर फिरून यायचे आणि नव्या व्हॉल्व्हमनच्या चुका काढायचे. ब्रेकचे गुटके मी तीनदा बदलले, तेही काळेच.

पुढच्या दसऱ्याचं मात्र सांगायला हवं. खंडेनवमीची पूजा झाली, सीटखाली कुंकू लागलं. दसऱ्याला उजाडायच्या आत मी साबण आणि फडकं घेऊन गुपचूप पडवीत गेले. म्हटलं, कुणी उठायच्या आत रिमा पुसून टाकू. बोट फिरवलं तर रिम कोरडी ठणठणीत. मागची पाहिली, तीही कोरडी. आणि मोरीशी कुणीतरी फडकं आपटत होतं.

आत्या होत्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस, शेजारी राखेचा डबा. मी चोरी पकडली गेल्यासारखी उभी राहिले, कारण फडकं माझ्याही हातात होतं.

“आत्या, तुम्हाला...”

“गेल्या साली सोनं दिलंस तवा तुज्या हाताला माक्याचा वास येत हुता,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “चुलीतली राखबी कमी झालती. मला काय कळत न्हाई व्हय?”

“मग तेल लावायचंच कशाला?”

त्यांनी फडकं पिळलं, झटकलं आणि दोरीवर वाळत घातलं.

“त्याल लावल्याबिगर माजी पूजा हुत न्हाई,” त्या म्हणाल्या, “आन् पुसल्याबिगर ह्ये थांबत न्हाईत.”